काळी दोन

रविवारी रात्री पावणेनऊला चारही घुमटं उतरली. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यावर चामडं ताणलेलं आमचं गोव्याचं तालवाद्य. तबला उतरतो ना, तशी. दुपारी साऊंड चेकला ज्या चामड्यावर बोट पडलं की आवाज खणखणीत यायचा, तिथे आता ओल्या पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखं वाजत होतं. जानेवारीची रात्र, शंभर पावलांवर म्हापसा नदी, दंव पडायला लागलेलं, खुर्च्यांवर लोक बसलेले आणि दहा वाजता लाउडस्पीकर बंद म्हणजे बंद, त्यात पाच मिनिटंसुद्धा इकडेतिकडे नाही.

मी साऊंडवाला, गोव्यातल्या पेडण्याचा. वडील जत्रेतल्या नाटकांना माईक लावायचे आणि मी त्यांच्या मागे वायर गुंडाळत मोठा झालो. आता स्वतःचा डिजिटल मिक्सर आहे, स्पीकर आहेत, एक टेम्पो आहे. नाटकं, भजनी सप्ताह, लग्नं, सगळं करतो. हळदोण्याजवळ एका जुन्या घराच्या आवारात दोन दिवसांचा जॅझचा कार्यक्रम होता, त्याचं काम माझ्याकडे आलं. जॅझ मी याआधी केलं होतं ते हॉटेलात, एक गिटार, एक गाणारी, असं. एवढं मोठं पहिल्यांदाच.

शनिवार वाईट गेला, ते आधी सांगतो. मुंबईची तिघांची मंडळी होती, पियानो, डबल बेस आणि ड्रम्स. मग कोलकात्याची एक गायिका, शब्द सोडून नुसत्या दा-बा-दू अशा बोलांवर ताना घेणारी, आपल्याकडे तराण्यात घेतात त्याची आठवण यावी असं. शेवटी कॉलेजच्या सात पोरांचा ब्रास बँड. स्टेज बारा मीटर रुंद, दिसायला छान म्हणून सगळ्यांना लांब लांब उभं केलेलं. डबल बेस म्हणजे माणसाएवढं पोकळ लाकूड, आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखं, बाहेरचा सब, म्हणजे खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर, वाजला की ते आपोआप घुमायला लागतं आणि मग शंभर हर्ट्झच्या आसपास असा हुंकार सुटतो की काय करू नि काय नको. मी ती फ्रिक्वेन्सी कापली तर बेस पातळ झाला, ड्रमर म्हणाला बेस ऐकू येत नाही, म्हणून त्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरमध्ये, वाढवला, मग पियानोवाल्याला पियानो ऐकू येईना, त्याचा वाढवला, गायिकेने कानावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं, तिचाही वाढवला, आणि आयोजकांचा माणूस मागे उभा राहून सारखा सांगतोय की अजून आवाज पाहिजे, मागे पोचत नाही. पोचत होता. तीस मीटरवर मी वेगळे स्पीकर लावले होते, आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो म्हणून त्यांना अठ्ठ्याऐंशी मिलिसेकंद उशीर दिलेला, सगळं हिशोबात. पण त्यांना आवाज नको होता, धडधड हवी होती, आणि मी ती दिली. नको होती द्यायला.

कार्यक्रम संपल्यावर ड्रमर माझ्याकडे आला, मुलगा तिशीचा असेल, अजिबात चिडलेला नव्हता. म्हणाला, "दादा, स्टेजवर सगळ्यांचं सगळं येत होतं, त्यामुळे मला कोणाचंच कळत नव्हतं." ते मला रात्रभर लागून राहिलं.

रविवारी दुपारी बाराला सॅक्सोफोनवाले अंकल आले. दक्षिण गोव्यातल्या साष्टीचे, वय ऐंशीच्या वर, मुंबईत हॉटेलांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आयुष्य काढलेलं. त्यांच्या पिढीची गोष्ट आपल्या मराठी माणसाला अर्धीच माहीत असते असं मला वाटतं. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत पोरांना सोल्फेज, म्हणजे दो-रे-मी म्हणत सूर वाचणं, आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यामुळे नोटेशन वाचणारे वादक गावागावात तयार झाले आणि ते मुंबईला गेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, हिंदी सिनेमाच्या संगीतात काम केलेली ही सगळी गोव्याची माणसं. आणि आम्ही ज्या हळदोण्याजवळ स्टेज बांधलं होतं तिथलाच, 1916 सालचा जन्म, चिक चॉकलेट. ट्रम्पेट वाजवायचा. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर आपण वरातीत नाचत आलो, त्यांच्या बरोबर काम केलेला हा माणूस. अंकलनी हे सांगितलं तेव्हा मी केबल जोडता जोडता थांबलो, कारण ती गाणी माझ्या वडिलांच्या दुकानात रोज वाजायची आणि आम्हाला ट्रम्पेट कोणाचा ते कधी माहीतच नव्हतं.

अंकल स्टेजवर चढले, इकडून तिकडे चालत गेले आणि म्हणाले, हे एवढं लांब कशाला, भांडण झालंय का तुमचं? मग स्वतः खुर्ची ओढून पियानोच्या कुशीत ठेवली, बेसवाल्याला ड्रम्सच्या डाव्या हाताला बोलावलं, सगळ्यांना एका सतरंजीवर आणलं. चार मीटर बाय चार मीटर. मॉनिटर सगळे बंद करायला लावले. मी म्हटलं अंकल, तुमच्यापुरता एक तरी ठेवतो. ते ड्रमरच्या मोठ्या झांजेकडे, राइड म्हणतात तिला, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "म्हाका ताचें आयकूंक जाय." मला त्याचं ऐकायचंय. बस. अठ्ठ्याहत्तर साली मुंबईला रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तिथे अमेरिकेचा सॅक्सोफोनवाला सॉनी रॉलिन्स वाजवून गेला, ते ऐकल्याचं सांगत होते. ते रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात आलं आणि बंद पडलं. म्हणून मला दहाच्या नियमाचा राग येत नाही, उलट मी तो पाळतो, म्हणजे पुढच्या वर्षी कोणी बंद करायला येणार नाही.

शेवटचा कार्यक्रम होता अंकल, मुंबईचे ते तिघे आणि डिचोलीकडची घुमटवाली मंडळी. चार घुमटं, एक शामेळ म्हणजे काठ्यांनी वाजवायचा ढोल, आणि कांसाळे म्हणजे झांजा. हे लोक चवथीला आरत्या वाजवणारे, शिगम्याला देवळासमोर सुवारी, म्हणजे घुमटांचं सामूहिक वादन, वाजवणारे. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांना सगळे आबा म्हणत होते, मग मीही. घुमटाला माईक लावणं हे माझं आवडतं काम आहे. मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं, मागचं लहान तोंड उघडं, उजव्या हाताने चामड्यावर बोटं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, त्याने घूं असा खालचा आवाज कमीजास्त होतो. म्हणजे आवाज दोन ठिकाणांहून निघतो. बरेच जण चामड्याला माईक चिकटवतात आणि मग नुसतं टक टक ऐकू येतं. मी दोन कंडेन्सर माईक कमरेच्या उंचीवर, मीटरभर लांब ठेवले, चौघांचा मिळून आवाज घेतला.

दुपारी तालीम झाली तेव्हा आबा अडले. ब्लूज हा जॅझमधला एक ठरलेला साचा, त्याची एक फेरी बारा बारची, म्हणजे चार चार मात्रांच्या बारा घरांची असते, तो कुठे संपतो ते त्यांना सापडेना. पियानोवाला इंग्रजीत समजावत होता, आबा मान हलवत होते. मग ते नुसतेच डोळे मिटून बसले, बोटांच्या पेरांवर मोजत, दोन फेऱ्या गेल्या, तिसऱ्या फेरीला म्हणाले, "अरे, केरव्याची सहा आवर्तनं." मी कागदावर मांडलं. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, अठ्ठेचाळीस. आठाचा केरवा सहा वेळा, अठ्ठेचाळीस. ड्रमर उडालाच. मग चार चार बारची देवाणघेवाण ठरली, म्हणजे आबांची दोन आवर्तनं, ड्रमरची दोन, आबांची दोन. दुपारी सगळं सुरेख जमलेलं.

आणि रात्री पावणेनऊला घुमटं उतरली.

आबा म्हणाले पूर्वीचं घोरपडीचं चामडं असतं तर इतक्या लवकर उतरलं नसतं. घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्याने वाचली आणि ती वाचली हे योग्यच झालं, आता बकऱ्याचं चामडं लावतात, 2019 ला गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीरही केलं. पण दंवाला हे कुठे कळतं. शेकायला हवं होतं. निखारे नाहीत, आणि जुन्या घराच्या आवारात लाकडी मांडवाखाली आग पेटवायची परवानगी कोणी देणार नाही. डिचोलीचा एक पोरगा घुमट घेऊन स्टेजच्या लाइटसमोर उभा राहिला आणि हात लावून म्हणाला, हे तर थंडच. एलईडी ते, समोर धरून कितीशी ऊब लागणार.

तेव्हा मला वडिलांचा हॅलोजन आठवला. हजार वॅटचा, जत्रेत आवारात लावायचे तो, आता आम्ही रात्री टेम्पो भरताना उजेडाला वापरतो. चुलतभाऊ धावत गेला, मी जनरेटरवर लोड बघितला, स्टेजच्या मागे जमिनीवर ठेवून लावला. पाच मिनिटांत त्याच्यासमोर हात धरवेना. आबा चारही घुमटं घेऊन उकिडवे बसले आणि भाकरी फिरवावी तशी एकेक फिरवायला लागले, पोराला ओरडत होते की लांबून दाखव, मातीला चटका बसला तर तडकेल.

पुढे स्टेज रिकामं. सव्वानऊ. अंकल कोणालाही न विचारता उठले, बेसवाल्याला खुणेने बोलावलं आणि दोघंच वाजवायला लागले, एकदम हळू. आयोजकांचा माणूस परत मागे आला, आवाज वाढव म्हणाला. या वेळी मी फेडरवरून, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणावरून, हात उचलला आणि मांडीवर ठेवला. दोन मिनिटांनी लोकच गप्प झाले, मागच्या रांगेतला एक बाप पोराला कडेवर घेऊन पुढे आला, आणि सॅक्समधला श्वाससुद्धा ऐकू यायला लागला.

नऊ पंचविसाला घुमटं आली. आता घुमटाला तबल्यासारखा पक्का सूर नसतो, पण कान लावला तर कळतो, आणि शेकून आल्यावर तो दुपारच्या जागी नव्हताच, खाली होता. ब्लूज ठरला होता एफमध्ये. आबांनी एक थाप मारली, अंकलनी सॅक्सवर तो सूर शोधला, एकदा, दोनदा, सापडला. पियानोवाल्याने पट्टी दाबून बघितली आणि म्हणाला, "ई फ्लॅट." अंकल म्हणाले, "मी बेमोल, बरें आसा." मी म्हणजे दो-रे-मीतला मी. आबांनी पियानोकडे वाकून बघितलं, त्याचं बोट कुठल्या पट्टीवर आहे ते, आणि म्हणाले, "काळी दोन म्हणा की सरळ." चर्चच्या शाळेतलं नाव, मुंबईच्या पोराचं नाव आणि आमच्या भजनाच्या पेटीवरचं नाव, सूर तोच. स्टेजवरचे सगळे हसले, मग लोकही हसले, त्यांना माईकमधून सगळं ऐकू गेलं होतं.

मग पंचवीस मिनिटं त्यांनी जे वाजवलं ते मला शब्दांत मांडता येणार नाही, पण एक सांगतो. देवाणघेवाणीत एका वेळी आबांनी मागचं तोंड पूर्ण झाकून आवाज इतका बारीक केला की ड्रमरने काठ्या ठेवून दिल्या आणि बोटांनी वाजवायला लागला, अंकल बाजूला खुर्चीत बसून डोळे मिटून मान डोलवत होते, आणि सहावं आवर्तन संपलं तेव्हा सगळे समेवर एकत्र उतरले. मी त्या पंचवीस मिनिटांत फेडर दोनदा हलवला असेल. सगळा तोल त्यांनी त्या सतरंजीवरच धरलेला होता.

नऊ सत्तावनला संपलं. अठ्ठावन्नला मी मास्टर खाली घेतला.

आवराआवर करताना मागे गेलो तर हॅलोजन चालूच होता. अंकल खुर्ची टाकून त्याच्यासमोर बोटं शेकत बसलेले, शेजारी आबा जमिनीवर, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं घुमट. अंकल विचारत होते की घोरपडीच्या चामड्याचा आवाज नक्की कसा यायचा, आणि आबा तोंडाने काढून दाखवत होते. टेम्पोत बाकी सगळं भरून झालं होतं, तेवढा एक दिवा राहिला होता. तो मी साडेअकरापर्यंत काढला नाही.