तलंगा अंड्यावर आल्या, कोंबडे काढले: या बॅचची नोंद

बॅच आता विसाव्या आठवड्यात आहे. तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, एकेक करून अंड्यावर येतायत (अंडी द्यायला लागतायत) आणि मांसासाठी वाढवलेले कोंबडे नुकतेच काढून झाले. अंडी आणि मांस दोन्ही एकाच बॅचमधून हवं असेल, तर नर-मादी जितक्या लवकर वेगळे करता येतील तितकं पुढचं काम सोपं जातं, हे माझं मत या खेपेला आणखी पक्कं झालं.

त्यासाठीच जोडी ठरवून लावली होती: ऱ्होड आयलंड रेड या जातीचा कोंबडा आणि बार्ड प्लिमथ रॉक या पट्टेदार पिसांच्या जातीच्या कोंबड्या. पिसांवर पट्टे आणणारं जनुक लिंगगुणसूत्रावर असतं आणि कोंबडीकडून ते फक्त नर पिल्लांना मिळतं. त्यामुळे पिल्लाचं अंग वाळलं की लगेच कळतं: डोक्यावर पांढरा ठिपका असेल तो नर, डोकं काळंभोर असेल ती मादी. एरवी तुरे लाल होईपर्यंत थांबावं लागतं. जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्ट्यांचा घेतला, तर मात्र ही खूण मिळत नाही.

ब्रूडरबद्दल, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या जागेबद्दल, नवीन काही नाही. पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढलं आणि रक्ती हगवण या वेळी फिरकली नाही. ओल आणि ऊब एकत्र आली की कॉक्सीला (या हगवणीच्या परजीवीला) तिथेच जोर चढतो, म्हणून हे काम मी कधीच उद्यावर टाकत नाही.

वेगळं करण्याचं खरं कारण खाद्य. ग्रोअर खाद्यात (वाढत्या पक्ष्यांच्या) कॅल्शियम साधारण १ टक्का असतं, लेयर खाद्यात (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या) ३.५ ते ४. अंडी देणारी कोंबडी ते कवचात घालते. वाढत्या कोंबड्याला त्याचा उपयोग नाही, जादा कॅल्शियमचा भार त्याच्या मूत्रपिंडांवर पडतो. दोघं एकाच खुराड्यात असले की कोणाचं तरी खाद्य चुकतंच. तलंगांना मी शिंपल्यांचा जाडसर चुराही वेगळ्या भांड्यात ठेवतो, संध्याकाळी आठवणीने भरून. कवच बनायला साधारण २० तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्रीच चालतं. मोठे तुकडे गिझर्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, रेंगाळतात, हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात.

आता आवडीचा भाग. कोणती तलंग अंड्यावर आली हे मी वयावरून ठरवत नाही, हाताने बघतो. तुरा लालबुंद झालेला असतो, पाठीवर हात ठेवला की ती पंख जरा पसरून खाली दबते. पण खात्री होते ती शेपटीखाली. तिथे दोन बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. कोवळ्या तलंगेत ती ताठ आणि इतकी जवळ असतात की मध्ये जेमतेम एक बोट मावतं. अंड्यावर आली की दोन-तीन बोटं सहज बसतात आणि हाडांची टोकं दाबली तर लवतात. एका तलंगेचा तुरा अजून फिकाच होता, पण हाडं मोकळी लागली. दोनच दिवसांत तिने पेटीत अंडं घातलं: लहानसं, फिकं तपकिरी, कवचावर रक्ताची बारीक रेघ. पहिल्या अंड्यांवर अशी रेघ दिसते, घाबरू नये.

उजेड १४ तासांचा केलाय. दिवा पहाटे लावतो, संध्याकाळी नाही, कारण रात्री दिवा एकदम बंद झाला की दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात खालीच अडकतात. अंडी सुरू झाल्यावर उजेडाचे तास कमी होऊ द्यायचे नाहीत, नाहीतर अंडी घटतात.

कोंबडे काढायची वेळही हातानेच ठरवली. छातीच्या मधल्या हाडाची धार बोटांना टोचायची थांबली आणि दोन्ही बाजूंनी मांस भरलं, तेव्हा. आदल्या रात्री खाद्य काढून घेतलं, पाणी ठेवलं. अन्नपिशवी रिकामी असली की सफाई स्वच्छ होते. पिसं काढायला पाणी ६० ते ६५ अंशांच्या आसपास. त्याहून गरम झालं तर कातडी फाटते. नंतर मांस एक दिवस फ्रिजमध्ये ठेवलं, ताठरपणा उतरू दिला. हे कोंबडे ब्रॉयलरसारखे सहा आठवड्यांत तयार होत नाहीत, छातीही अरुंदच. पण मांड्या भरदार, मांस घट्ट, आणि हाडांचा रस्सा तर अप्रतिम.

पुढची पिल्लं या तलंगांपासून काढणार नाही, कारण त्यांच्या पिल्लांत ठिपक्याची खूण भरवशाची राहत नाही. जुनी जोडी राखून ठेवलीय. त्यांची अंडी निमुळतं टोक खाली ठेवून १५ ते १८ अंशांत साठवतोय, आठवड्याच्या आत उबवणीच्या मशीनमध्ये जातील.