तुम्ही विचारलंत म्हणून: माझा तेलाचा चमचा

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. नाताळच्या सुट्टीत पुण्याहून नणंद येते, ती विचारते. भोगीला जावा जमतात, त्या विचारतात. शेजारीणही विचारते, तिच्या उंधियूवर बोटभर तेल तरंगतं, त्यामुळे तिला जरा जास्तच अधिकार. "सणासुदीला, तेही थंडीत, तेल मोजून घालायचं? घरात कोणी आजारी आहे का?"

आता कोणी आजारी नाही. चमचाही पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. ते नंतर सांगते.

आधी थंडीचं. "थंडीत खाल्लेलं पचतं" हे पहाटे उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याने म्हणावं. आम्ही लालबागवाले. सांताक्रूझचा पारा सोळावर आला म्हणून मफलर गुंडाळायचा, लिफ्टने खाली उतरायचं आणि घरात डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे असे लाडवांचे तीन डबे संपवायचे, हे कुठल्या हिशेबात बसतं? एका ग्रॅम तुपात नऊ कॅलरी असतात, बाहेर गारठा असो की घाम. शिवाय आपल्याकडे थंडीतलं बरंचसं खाणं मुळातच हलकं आहे. अलिबागकडची पोपटी घ्या: वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, जाडं मीठ, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि जाळ. तेल नाही, पाणीही नाही. भांबुर्डा मिळाला नाही तर मी जाड बुडाच्या पातेल्यात ओव्याच्या पानांचा थर लावून करते. अलिबागकर हसतील. हसू देत.

भोगीची भाजी तशीच. वांगी, गाजर, वालपापडी, सोलाणे, बोरं. तिळात जवळपास निम्मं तेलच असतं, म्हणून भाजलेल्या तिळाचं कूट शेवटी सढळ हाताने घातलं की फोडणी दोन चमच्यांत भागते. इथपर्यंत मला कोणी खोडून दाखवावं.

खोडलं ते आप्पांनी, माझ्या सासऱ्यांनी.

त्यांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या होत्या, माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, वर नाही. आम्ही चार माणसं आणि पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नव्हता. मी घाबरले. खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला पाच मिलीचा चमचा तेलाच्या बरणीत टाकला आणि आठ महिने त्याच्याबाहेर गेले नाही. आप्पा काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

मग भोगी आली. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भाजी, आणि धाकट्या जाऊबाईंनी आणलेला लोण्याचा गोळा. आप्पांनी ताट जरा पुढे केलं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आप्पा, तुम्हाला नाही." ते "बरं" म्हणाले आणि भाकरी भाजीत कुस्करून खाल्ली. पंगतीत कोणी वर बघितलं नाही. मला आतून थोडा अभिमानच वाटला होता, हेही लिहून टाकते.

संध्याकाळी तिळगुळाचं सामान आणायला खाली उतरले. नाक्यावरच्या वडापाववाल्याने हाक मारली. "वहिनी, आजोबांचे एकशे साठ राहिलेत. घाई नाही, पण सांगून ठेवतो."

उधारी! रोज चालायला जाणाऱ्या माणसाची. पैसे दिले आणि वर आले ती तणतणतच. मी इथे कुटासाठी तीळ निवडत बसते आणि तुम्ही दिवसभर उकळून काळं झालेलं तेल पोटात घालता? आप्पा खिडकीशी बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "तिथं कुणी मोजत नाही, पोरी."

एवढंच म्हणाले असते तर मी भांडत राहिले असते. पण मग स्वतःशीच बोलल्यासारखं सांगू लागले. ब्याऐंशी सालची भोगी झाली आणि पाच दिवसांनी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या भोगीला घरात लोणी होतं. पुढे पगार थांबला, वाण्याकडून बाटलीत पावशेर तेल यायचं आणि सासूबाई ते चमच्याने मोजून फोडणीला घालायच्या. "तुझा चमचा वाजला की मला तीच खोली दिसते."

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. रागही गेला नव्हता. आठ महिने जेवताना त्यांना काय दिसत होतं हे मला कसं कळणार होतं? सांगायचं ना मग! अजूनही वाटतं, त्यांनी सांगायला हवं होतं. आणि अजूनही वाटतं, त्या पंगतीत मी लोणी वाढायला हवं होतं. सुपारीएवढं. त्याने काय होणार होतं?

पण डबा पाच लिटरवरून दोनवर आला तो चमच्यामुळेच. तो मी टाकला नाही. आता मोजते ते ओट्यापाशी, एकटी असताना. ताटाशी मोजत नाही. पातळ पोह्यांचा चिवडा उन्हात वाळवून बेताच्या फोडणीत करते. चकली मात्र तळूनच करते, चारच दिवस, आणि संपली की संपली. भोगीला लोण्याची वाटी मधोमध असते, ज्याला हवं तेवढं त्याने घ्यावं.

आप्पा त्यानंतर चार वर्षं होते. वडापाव सुटला की नाही, मी नाक्यावर कधी विचारलं नाही. ती चार वर्षं चमच्याने दिली असं मी म्हणते, नवरा म्हणतो लोण्याने. परवा भोगीचं सामान आणताना पुन्हा यावरूनच वाजलं आमचं.