क्रूझ संपल्यावर बॅगा घेऊन पुढे मलेशियाला

क्रूझचे फोटो टाकले तेव्हा सगळ्यांनी जेवण कसं होतं, शो कसे होते, बाल्कनीवाली रूम घेतलेली का हेच विचारलं. उतरल्यानंतरचं कोणीच विचारलं नाही, आणि जायच्या आधी मी पण ते कुठे शोधलं नव्हतं. म्हणून आज फक्त तेवढंच लिहितेय, बोट धक्क्याला लागल्यापासून दुसऱ्या देशात पोचेपर्यंतचं, कारण आमच्या सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात दमवणारा दिवस तोच होता आणि थोडी आधी तयारी केली असती तर आईंना एवढा त्रास झाला नसता असं मला अजून वाटतं.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आईच म्हणते. त्यांचं वय ७१, गुडघे दुखतात, बीपीची गोळी सकाळी उठल्या उठल्या लागते. प्लॅन असा होता की ३ दिवस सिंगापूर, मग ३ रात्रींची क्रूझ सिंगापूर पेनांग सिंगापूर, बोटीवरून उतरलो की त्याच दिवशी बाय रोड मलाक्का, तिथून क्वालालंपूर आणि तिथूनच मुंबईचं विमान. म्हणजे मलेशियाहून सिंगापूरला परत येणंच नाही. यातच सगळी गोम होती. परतीचं विमान सिंगापूरहून असतं तर मोठ्या बॅगा चांगी एअरपोर्टच्या लगेज स्टोरेजमध्ये पैसे भरून ठेवता आल्या असत्या आणि मलेशियाला एकेक छोटी बॅग घेऊन गेलो असतो. आमचं तसं नव्हतं, त्यामुळे क्रूझवरच्या एका रात्रीच्या डिनरसाठी नेलेला ब्लेझर, माझी जड साडी, आणि पेनांगच्या बाजारात आईंनी हुंगून हुंगून घेतलेलं जायफळ (तिथलं जायफळ खरंच सुंदर असतं, श्रीखंडासाठी घेतलं), सगळं आमच्याबरोबर बॉर्डर पार करणार होतं. तीन मोठ्या बॅगा, एक केबिन बॅग, लेकीची सॅक आणि आईंची पिशवी.

शेवटच्या संध्याकाळी रूममध्ये लगेजचे टॅग येतात, रंग आणि नंबर असलेले. ते बॅगांना लावून रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या, क्रू त्या घेऊन जातात आणि सकाळी त्या थेट टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगाप्रमाणे लावलेल्या मिळतात. नाहीतर स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत सकाळी लवकर उतरायचं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर टॅगच लावा, कारण सकाळी लिफ्टसमोर जी गर्दी होते त्यात बॅगांसकट उभं राहणं त्यांना झेपत नाही. पण दाराबाहेर काय जातंय ते एकदा हाताने उघडून बघा. आम्ही रात्री अकराला बॅगा ठेवल्या, झोपलो, आणि सकाळी सहाला आई हळूच म्हणाल्या, "अगं, माझा गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेत गेला गं." मी आदल्या दिवशी त्यांचं सामान भरलं होतं, डबा मीच आत ठेवला होता. रिसेप्शनला गेलो तर बॅगा आता खाली पिंजऱ्यात भरल्यात, काढता येणार नाहीत म्हणाले, आणि ते बरोबरच होतं, हजारो बॅगांमधून ते तरी कुठून शोधणार. मग पावणेदहाला हॉलमध्ये आमचा हिरवा रंग सापडला तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसून बॅग उघडली आणि आईंनी गोळी घेतली. पावणेचार तासांचा उशीर, काही झालं नाही, पण त्या वेळात मी त्यांच्या चेहऱ्याकडे किती वेळा बघितलं ते मलाच माहिती.

त्याच बॅगेचं एक चाक तुटलेलं मिळालं. कुठे तुटलं कोणास ठाऊक. तक्रारीची लाईन बघितली आणि नवरा म्हणाला सोड, पुढे जाऊ.

कागदपत्रांचं आधीच सांगते कारण हे घरूनच होतं. बोट सिंगापूरच्या बाहेर जाऊन परत येते म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दुसऱ्यांदा एंट्री करता, त्यामुळे विसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते नीट बघा, आणि एसजी अरायव्हल कार्ड (सिंगापूरला पोचायच्या आधी ऑनलाइन भरायचा फॉर्म) परत येताना पुन्हा भरावं लागतं, ३ दिवस आधीपासून भरता येतं, सरकारी साईटवर फुकट आहे. मलेशियाला १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला विसा लागत नाही, ३० दिवस राहता येतं, पण त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र लागतं, ते पण ३ दिवसांच्या आत. जोहोरमधून (सिंगापूरला लागून असलेला मलेशियाचा भाग) आत जाण्यासाठीचं आम्ही बोटीवर जायच्या आधी भरू शकलो नाही कारण तारीख लांब होती, आणि बोटीवरचं वायफाय महाग, मग पेनांगला उतरल्यावर एका कॉफीच्या दुकानात बसून चौघांचं भरलं. हे लक्षात ठेवा, नाहीतर समुद्रात असताना आठवतं.

मरिना बे क्रूझ सेंटरच्या बाहेर टॅक्सीची लाईन एवढी होती की शेवट दिसत नव्हता. आम्ही मरिना साऊथ पिअर मेट्रो स्टेशनपर्यंत चालत गेलो, दहा पंधरा मिनिटं, पण ऊन आणि दमट हवा, आणि एका चाकाची बॅग. तिथून मात्र एक फार चांगली गोष्ट आहे, ती लाल लाईन थेट क्रांजीपर्यंत जाते, कुठे बदलायला लागत नाही, स्टेशनला लिफ्ट असते, एसी असतो, तासाभरात तुम्ही बेटाच्या दक्षिण टोकावरून पार उत्तरेला. आईंना बसायला जागा मिळाली, त्या झोपल्या पण.

क्रांजीहून १७० नंबरची बस बॉर्डरवर जाते. ही साधी सिटी बस आहे, सामानासाठी डिकी नाही. आणि आता जे सांगतेय ते मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. बसने गेलात तर दोनदा उतरावं लागतं, एकदा वुडलँड्सला सिंगापूरमधून बाहेर पडायला आणि एकदा पलीकडे जोहोर बाहरूला मलेशियात शिरायला, आणि दोन्ही वेळा सगळं सामान बरोबर घेऊन. बस तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही वर जाऊन इमिग्रेशन करता, खाली येता आणि त्याच नंबरची जी बस येईल तिच्यात चढता. म्हणजे "आत्ता येतोच" म्हणून एखादी बॅग बसमध्ये ठेवली की ती गेलीच. बसभाड्याचं कार्ड उतरताना टॅप करायचं, चढताना परत टॅप.

वुडलँड्सला सरकत्या जिन्यावर मी केबिन बॅग आणि लेक, नवऱ्याने तुटकी बॅग खांद्यावर घेतलेली, दुसरी हातात, तिसरी माझ्या मागे, आणि आईंनी पिशवी छातीशी धरलेली, एक हात कठड्यावर. मागून लोक भराभर येतात, त्यांचं रोजचं आहे ते. मी एकदा मागे वळून बघितलं तर आईंचे ओठ हलत होते, रामरक्षा म्हणत होत्या. तेव्हा मला पोटातून वाईट वाटलं. जोहोरला पोचल्यावर मी आधी पोलिसाला विचारलं आणि त्याने लिफ्ट दाखवली. विचारायला पाहिजे, लिफ्ट असते, गर्दीबरोबर वाहत गेलं की दिसत नाही.

मधला कॉजवे म्हणजे जेमतेम १ किलोमीटरचा बांध, १९२४ मध्ये खुला झालेला. शेजारून जाड जाड पाईप गेलेत, जोहोरचं पाणी सिंगापूरला नेणारे. आई खिडकीतून बघून म्हणाल्या, "एवढंसंच पाणी मध्ये, आणि दोन देश." आम्ही सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला गेलो म्हणून बस पटकन गेली. कामाच्या दिवशी सकाळी जोहोरहून सिंगापूरकडे आणि संध्याकाळी उलटी गर्दी असते, शनिवारी सिंगापूरची माणसं खरेदीला आणि खायला पलीकडे जातात, तेव्हा सामान घेऊन मुळीच जाऊ नका. ट्रेन पण आहे वुडलँड्सहून, ५ मिनिटांत पलीकडे, आणि दोन्ही देशांचं इमिग्रेशन चढायच्या आधीच एका जागी होतं, बॅगा एकदाच हलवायच्या. आम्हाला तिकिटं मिळाली नाहीत. ज्यांच्याबरोबर आईवडील आहेत त्यांनी मुंबईतूनच ती बुक करावीत, एवढं मी अगदी हात जोडून सांगते.

मलेशियाच्या काउंटरवर बोटांचे ठसे घेतात. आईंचे उमटेनात. उजवं झालं तर डावं नाही. पन्नास वर्षं भांडी घासली, पोळ्या लाटल्या, बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. आतली बाई माझ्या वयाची असेल, हिजाब घातलेली, तिने हाताने खूण करून दाखवलं, बोट कपाळाला लावा, मग ठेवा. आईंनी कुंकवाच्या बाजूला बोट घासलं आणि ठेवलं आणि मशीन हिरवं झालं. ती बाई हसली, आई पण हसल्या, दिवसभरात पहिल्यांदा.

मग स्कॅनरमधून बॅगा, खाली बस, लार्किनचा बस अड्डा. तिथे दुकानं आहेत, तुटकी बॅग रिकामी करून तिथेच ठेवली आणि साधी चार चाकांची नवी बॅग घेतली. मलाक्काची बस अडीचला होती, तिला डिकी होती, बॅगा आत गेल्या आणि नवऱ्याने हात झटकले.

साडेपाचच्या पुढे मलाक्का सेंट्रलला उतरलो. मी चहा कुठे मिळतो ते बघत होते, तेवढ्यात आईंनी कमरेचा बटवा सोडला, आतून गोळ्यांची स्ट्रिप काढली, उद्याची आहे ना ते बघितलं आणि परत नीट खोचून ठेवली. म्हणाल्या, "आता चहा घेऊ."