नोकरी गेली, मेडिक्लेमचं काय? माझा अनुभव

कंपनीने आमच्या अख्ख्या टेस्टिंग टीमला नारळ दिला, तेव्हा कँटीनमध्ये सगळ्यांच्या तोंडी होमलोनचा हप्ता आणि नवी नोकरी एवढंच होतं. मला आधी आईबाबा आठवले. बाबा 71 वर्षांचे, शुगर आणि बीपी दोन्ही. आई 66 ची, तिचे गुडघे. दोघं सांगलीला असतात आणि दोघांची नावं माझ्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेमवर. नवऱ्याचा स्वतःचा धंदा, म्हणजे त्याच्याकडून कव्हर मिळायचा प्रश्नच नव्हता.

आमच्या ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होते. बाहेर नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजारांचा क्लेम न मिळण्याचा काळ, लागू शकतो. (2024 च्या आधी ही मर्यादा 4 वर्षं होती, म्हणजे तेवढी तरी दया.) बाबांच्या वयात तीन वर्षं थांबायचं आणि तोवर हप्तेही भरायचे, हे मला पटेना.

यातून वाट आहे, पण ती कुणी आपणहून सांगत नाही. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात, अर्थात जुन्या विमा रकमेपुरतीच. आमचं कव्हर 5 लाखांचं होतं. ते 10 केलं असतं तर वरच्या 5 लाखांसाठी वेटिंग नव्याने सुरू झालं असतं. शिवाय कंपनी प्रपोजल तपासून मगच होकार देते, हक्काने मिळेल असं नाही. एचआरमधल्या मुलीला हे काही ठाऊक नव्हतं, पण बिचारीने विमा कंपनीच्या माणसाचा मेल आयडी शोधून दिला. तिच्याकडून मी प्रत्येकाचं नाव पॉलिसीत कधीपासून आहे याचं पत्र मागून घेतलं. पुढे सगळं त्या पत्रावरच चाललं.

फॉर्म भरायला ओळखीचे एजंट काका सांगलीच्या घरी आले. चहा पिता पिता म्हणाले, "बीपीची गोळी एकच आहे ना? मग नाही लिहिलं तरी चालतंय. प्रीमियम कमी बसेल." बाबा उठले आणि आतून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, जुने रिपोर्ट, सगळं टेबलावर मांडलं. "लिहा सगळं. सकाळी किती वाजता उठतो तेही हवं तर लिहा." काका गप्प लिहायला लागले. 60 महिने पॉलिसी सलग चालली की माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही हे खरं, पण लबाडी सिद्ध झाली तर तेही संरक्षण जातं. आणि त्या वयात क्लेम 60 महिने थोडाच थांबणार आहे?

काकांच्या कोटेशनमध्ये अजून 18 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर तो शून्य आहे. मी दाखवल्यावर "सॉफ्टवेअर जुनं आहे" म्हणाले. असेल बापडं.

प्रीमियमपेक्षा मी रूम रेंटच्या कलमावर जास्त डोकं घातलं. मर्यादा विमा रकमेच्या 1 टक्का असेल तर 5 लाखांवर दिवसाला 5,000 ची खोली. घेतली 8,000 ची, तर फक्त वरचे 3,000 खिशातून जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च यांनाही त्याच प्रमाणात कात्री लागते. म्हणून हप्ता थोडा जास्त असला तरी खोलीवर मर्यादा नसलेला प्लॅन घेतला.

मी, नवरा आणि आमचं मूल, आम्हा तिघांना आईबाबांच्या फ्लोटरमध्ये (एकच विमा रक्कम सगळ्यांत वाटून वापरायची पॉलिसी) घातलं नाही, कारण त्याचा हप्ता सगळ्यात मोठ्या वयावर ठरतो. आमची वेगळी पॉलिसी दुसऱ्या कंपनीत घेतली, तीही नोटीस पिरियड चालू असतानाच. नव्या पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून क्लेम मिळत नाही. ते दिवस जुन्या कव्हरमध्येच निघून गेले. जोडीला सुपर टॉप-अप. टॉप-अप म्हणजे खर्च ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की वरचे पैसे देणारी पॉलिसी. साधा टॉप-अप ती मर्यादा दर अ‍ॅडमिशनला वेगळी धरतो, सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च धरतो.

बाबा सत्तरीच्या पुढचे म्हणून त्यांचं सरकारी आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढलं. उत्पन्नाची अट नाही, आधारवर होतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. फक्त हॉस्पिटल योजनेच्या यादीत हवं.

आईबाबांची पॉलिसी आली तेव्हा मी आधी तारखांचा रकाना पाहिला. बाबांपुढे जुनी तारीख बरोबर होती, आईपुढे मात्र पॉलिसी सुरू झाल्याची नवीच! म्हणजे तिच्या गुडघ्यांचं वेटिंग पुन्हा पहिल्यापासून. पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत हातात होती. एचआरचं पत्र जोडून मेल टाकला, कस्टमर केअरला फोन केले, "सिस्टीममध्ये असंच येतं" हे उत्तरही ऐकलं. "मग पॉलिसी परत घ्या" म्हटल्यावर दुरुस्तीचं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं बदलाचं पत्र, आलं. ते छापून बाबांच्या गोळ्यांच्या पिशवीत ठेवलंय. हॉस्पिटलला जायची वेळ आली तर ते पहिल्यांदा तीच उचलतात.