टोरिक लेन्स, नोंद सातवी: आरशाने केला घात

सापडलं! तीन आठवडे मी उजव्या डोळ्याच्या टोरिक लेन्सला (ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे दिशेनुसार बदलणारा नजरेचा दोष, सुधारणारी कॉन्टॅक्ट लेन्स), ती बनवणाऱ्यांना, स्वतःच्या वरच्या पापणीला आणि एकदा तर पंख्याच्या वाऱ्यालाही शिव्या घातल्या. चोर आरसा निघाला. म्हणजे खरं तर मीच.

मागची नोंद ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी आकडे पुन्हा देते (सिलिंडर म्हणजे ॲस्टिग्मॅटिझमचा नंबर, ॲक्सिस म्हणजे तो कुठल्या कोनात बसायला हवा ते). उजवा डोळा -२.२५, सिलिंडर -०.७५, ॲक्सिस २०. डावा -२.५०, सिलिंडर -०.५०, ॲक्सिस १६०. डाव्याला साधी -२.७५ ची स्फेरिकल (सिलिंडरचा निम्मा भाग मुख्य नंबरात ढकलून) बसली आणि ती फाइल मी बंद केली. उजव्याला 'जाडी', म्हणजे माझी आधीची टोरिक, नको झाली होती. प्रिझम बॅलास्टचा (लेन्स फिरू नये म्हणून दिलेल्या जाडीचा) तो खालचा जाड काठ दुपारनंतर खालच्या पापणीला जाणवायला लागायचा आणि कुशीवर पडून वाचलं की लेन्स झोका घ्यायची. तिच्या जागी आता 'चपळ' आहे, वर-खाली पातळ पट्टे असलेली, डेली (रोज नवी घालायची). पापण्या मिटताना तिचा जाड भाग दोन पापण्यांच्या मधल्या फटीत ढकलला जातो आणि लेन्स जागेवर येते. आरामाच्या बाबतीत चपळला माझ्याकडून पैकीच्या पैकी. नवव्या तासालासुद्धा डोळ्यात काही आहे हे विसरायला होतं.

प्रश्न होता तो नजरेचा. ॲक्सिस २० ची चपळ घातली की शिरोरेषेखाली फिकट दुसरी रेघ दिसायची. (ॲस्टिग्मॅटिझम पकडायला देवनागरीसारखं यंत्र नाही. रोमन अक्षरांत जी सावली मला चार फुटांवर कळत नाही ती 'शिरोरेषा' हा शब्द वाचताना दोन फुटांवर कळते.) बसवल्यावर पाच मिनिटांनी स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) लेन्सवरची खूण बरोबर घड्याळातल्या सहाच्या जागी होती, म्हणून ऑप्टोमेट्रिस्ट मॅडमनी मला घरी सोडलं. पण पाच मिनिटांत टोरिक पुरती स्थिरावेलच असं नाही, जरा जास्त वेळ द्यायला हवा होता. ही घाई माझी होती, त्यांची नाही.

घरी तासाभराने खिडकीच्या तिरक्या उजेडात आरशात निरखलं. खूण सहावरून सरकलेली. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने दोन्ही बाहुल्या एका चौकटीत घेऊन फोटो काढला, बाहुल्या जोडणारी रेघ आडवी धरली आणि कोन मोजला: साधारण १० अंश, डावीकडे. दुसऱ्या दिवशी १०, तिसऱ्या दिवशी ८. लेन्स कितीही फिरो, दरवेळी तेवढीच फिरत असेल तर ती आपली मैत्रीण. तो फरक ॲक्सिसमध्ये भरून काढता येतो. नियम सगळ्यांना पाठ आहे, लार्स (लेफ्ट ॲड, राइट सबट्रॅक्ट): खूण डावीकडे सरकली तर मिळवा, उजवीकडे तर वजा करा. वीस अधिक दहा, तीस. फोनवर मॅडमना ऐटीत सांगितलं, "मॅडम, डावीकडे दहा, तीन दिवस मोजलंय." त्यांनी विश्वास ठेवला आणि ॲक्सिस ३० ची ट्रायल मागवून दिली.

ती घातली आणि नजर आणखी बिघडली.

इथे मी जे केलं ते कुणी करू नका. लेन्स उलटी घातली असेल म्हणून काढून, बोटावर वाटी तपासून, पुन्हा घातली. मग बेस कर्व्ह (लेन्सची वक्रता) चुकीचा असेल असं ठरवलं. मग अश्रूंची थेंबबाटली. मग खोका सदोष म्हणून दुसरी पट्टी उघडली. या धांदलीत एक लेन्स बेसिनमध्ये पडली आणि सरळ कचऱ्यात गेली. नळाच्या पाण्याला शिवलेली लेन्स डोळ्यात घालायची नाही, अकँथमीबाशी (पाण्यातल्या, डोळ्याला घातक सूक्ष्मजीवाशी) खेळ नको, हे निदान शुद्धीवर राहून पाळलं.

खरा पुरावा पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होता, अगदी शब्दशः. २० च्या लेन्सने जी सावली दिसायची ती एका बाजूला किंचित कललेली होती. ३० च्या लेन्सने तीच सावली, त्याच बाजूला कललेली, फक्त दुप्पट गडद. मी ॲक्सिस योग्य दिशेने पण जरा जास्त फिरवला असता तर सावली दुसऱ्या बाजूला कलली असती. ती त्याच बाजूला वाढली, म्हणजे मी चुकीच्याच दिशेने आणखी दहा पावलं चालून गेले होते. एवढं वहीत लिहून ठेवलेलं असताना डोक्यात शिरलं नाही.

शिरलं ते धाकट्या बहिणीमुळे. ती मागच्या कॅमेऱ्याने माझा फोटो काढत होती, मी म्हटलं डोळ्याचाही एक काढ. तो आणि माझा जुना फोटो शेजारी ठेवले. तिच्यात खूण उजवीकडे, माझ्यात डावीकडे. ती म्हणाली, "तुझ्या टीशर्टवरची अक्षरं उलटी आहेत गं." तीन आठवडे त्या फोटोत मी डोळाच बघत होते, टीशर्ट नाही.

लार्समधलं डावं-उजवं हे समोर बसून तुमच्या डोळ्यात बघणाऱ्याचं असतं. त्याला माझ्या उजव्या डोळ्याच्या उजवीकडे नाक दिसतं. आरशात मला त्याच डोळ्याच्या डावीकडे नाक दिसतं. खूण नाकाकडे सरकली होती, एवढंच खरं. म्हणजे मिळवायचे नव्हते, वजा करायचे होते.

हिशोब केल्यावर अंगावर काटा आला. सिलिंडर जितका तिरका बसेल त्या कोनाच्या साइनची दुप्पट गुणिले सिलिंडर, एवढा दोष डोळ्यात उरतो. १० अंशांना साधारण एक तृतीयांश, म्हणजे माझ्या ०.७५ पैकी ०.२६. २० अंशांना ०.५१. तीस अंशांना पुरा ०.७५, म्हणजे टोरिक घालून न घातल्यासारखीच. फिकट सावली आणि दुप्पट गडद सावली, दोन्ही आकड्यांत चोख उतरली. सौम्य सिलिंडरवाल्यांना "थोडं फिरलं तर काय बिघडतं" असं सांगितलं जातं. हे पूर्ण खोटं नाही, ५ अंशांना माझ्या डोळ्यात जेमतेम ०.१३ उरतो. पण चूक दुप्पट करायला माझ्यासारखा उत्साही माणूस लागतो.

परवा ॲक्सिस १० ची ट्रायल मिळाली. वीस मिनिटं थांबले, मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. एक शिरोरेषा. एकच! खालचे बारीक तिथी-नक्षत्रांचे रकानेसुद्धा. लेन्स अजूनही नाकाकडे दहा अंश फिरते, फिरू दे, आता ती फिरून बरोबर वीसवर जाऊन बसते.

जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८२५ च्या सुमारास स्वतःच्याच डाव्या डोळ्याचा दोष मोजून त्यासाठी सिलिंडरची काच बनवून घेतली होती. त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा वाटलं होतं, आपणही त्याच पंगतीतले. आता वाटतं, त्याने बहुधा टीशर्टकडेही बघितलं असतं.

आरजीपीचा, म्हणजे कडक लेन्सचा, बेत अर्थातच पुढे ढकलला. तो मुळात डळमळीत होता. उजव्याचं के रीडिंग (बुबुळाच्या वक्रतेचं माप) ४३.२५ आणि ४३.७५, म्हणजे बुबुळाच्या पृष्ठभागावर फक्त अर्धा डायॉप्टर (नंबराचं एकक), बाकीचा पाव आतल्या भिंगातला. कडक लेन्सखालचा अश्रूंचा थर पृष्ठभागावरचा दोष पुसतो, आतल्याला हात लावत नाही. (थॉमस यंगने १८०१ मध्ये हेच स्वतःवर दाखवलं: डोळा पाण्यात धरून बुबुळाचं काम बंद पाडलं, तरी त्याचा दोष तसाच राहिला.) उरलेल्या पाव डायॉप्टरबरोबर मी सुखाने राहिले असते, पण चपळच्या आरामाची सवय झाल्यावर कडक लेन्सशी जुळवून घेण्यात चार आठवडे घालवायची इच्छा उरलेली नाही.

हे लिहिता लिहिता सहज उजवा डोळा झाकला.

बंद केलेली फाइल उघडावी लागणार असं दिसतंय. डाव्याला शिरोरेषा दोन दिसतायत. आधीही दिसत असणार, पण उजवा त्याहून वाईट होता म्हणून डावा शहाणा ठरला होता. त्याचा सिलिंडर ०.५० आणि चपळ ०.७५ पासून सुरू होते. अर्ध्या डायॉप्टरचे लोक जणू जगातच नाहीत, अशी या उत्पादकांची समजूत कधी जाणार कोण जाणे. पण ०.७५ घातला तर पाव जास्त होईल, आत्ता अर्धा कमी पडतोय. पाव केव्हाही बरा. मुख्य नंबर तेवढा -२.५० वरून -२.२५ करावा लागेल, नाहीतर एकूण ताकद वाढते.

मॅडमना निरोप धाडलाय: डाव्याला -२.२५, -०.७५, ॲक्सिस १६० ची ट्रायल मिळेल का. हीसुद्धा नाकाकडे दहा फिरली तर समोरून बघणाऱ्याला ती डावीकडे गेलेली दिसेल, म्हणजे या डोळ्याला मिळवावे लागतील, १७०. बहुतेक. या वेळी वहीत डावं-उजवं लिहायचंच नाही असं ठरवलंय. दोनच रकाने आखलेत, 'नाकाकडे' आणि 'कानाकडे', आणि फोटो बहीण काढणार.