९८ इंच का, ११५ इंच का: मोठ्या पडद्यांमागचा काचेचा हिशेब

टीव्हीच्या यादीत ४३, ५०, ५५, ६५, ७५ असे आकडे असतात. पुढे एक कंपनी ८५ इंची विकते तर दुसरी ८६ इंची. त्यानंतर एकदम ९८, १०० आणि ११५. ओएलईडीत, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो त्या पडद्यांत, ७७ नंतर ८३ आणि मग थेट ९७. या आकड्यांत ग्राहकाच्या आवडीनिवडीचा भाग फार थोडा आहे. कारखान्यात ज्या मोठ्या काचेवर पडदे तयार होतात तिची लांबी-रुंदी समोर ठेवली, की यातला जवळपास प्रत्येक आकडा उलगडतो.

एलसीडी, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचे, पडदे एकेक करून बनवत नाहीत. आधी एक भली मोठी पातळ काच घेतात आणि तिच्यावर ट्रान्झिस्टरचे, म्हणजे विजेच्या सूक्ष्म कळांचे, थर चढवतात. तशाच दुसऱ्या काचेवर रंगांचे फिल्टर बसवतात. मग दोन्ही काचा एकमेकींवर चिकटवून शेवटी तुकडे कापतात. या मूळ काचेला मदर ग्लास म्हणतात आणि तिच्या मापावरून कारखान्याची जनरेशन ठरते. ८.५ जनरेशनची काच २२०० × २५०० मिमी, ८.६ ची २२५० × २६०० मिमी आणि १०.५ ची २९४० × ३३७० मिमी. शिंपी कापड बेततो तशी ही काच बेतावी लागते, पण इथे उरलेल्या चिंध्यांची गोधडी होत नाही.

हा हिशेब कुणालाही करता येतो. पडद्याच्या कर्णाचे इंच घ्यायचे. २२.१४ ने गुणलं की १६:९ (रुंदी:उंची) पडद्याची रुंदी मिमीत मिळते आणि १२.४५ ने गुणलं की उंची. प्रत्यक्षात भोवतीच्या सीलसाठी आणि तारांच्या टोकांसाठी काही मिमी जास्त लागतात, ते धरून चालायचं.

५५ इंच म्हणजे १२१८ × ६८५ मिमी. ८.५ च्या काचेवर एका बाजूने दोन आणि दुसऱ्या बाजूने तीन असे सहा पडदे निघतात आणि ९१ टक्के काच कामी येते. ८.६ ची काच थोडी मोठी, म्हणून तिच्यावर ५८ इंची सहा बसतात. बाजारात ५८ हा आडनिडा आकडा आला तो असा. ६५ इंची पडदा १४३९ × ८०९ मिमी. ८.५ च्या काचेवर असे तीनच निघतात आणि ३६ टक्के काच उरते. ती उरलेली पट्टी ७६१ मिमी रुंद असते, तिच्यावर ३२ इंची सहा पडदे बेतता येतात. एकाच काचेवर दोन मापं काढण्याच्या या पद्धतीला मल्टी मॉडेल ग्लास म्हणतात. काच वाया जात नाही हे खरं, पण तीन ६५ इंची विकायचे तर सोबत सहा ३२ इंचीही खपवावे लागतात.

ही अडचण सोडवायला १०.५ जनरेशनची काच आली. बीओई कंपनीचा चीनमधल्या हफेईचा कारखाना डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. त्या काचेवर ६५ इंची आठ बसतात आणि ७५ इंची सहा, दोन्ही वेळा सुमारे ९४ टक्के काच वापरली जाते. ६५ आणि ७५ इंची पडदे पुढे सर्रास दिसू लागले, त्याचं मोठं श्रेय या एका मापाला द्यायला हवं.

आता ९८ इंच. २१७० × १२२० मिमी. दोन पडदे एकावर एक ठेवले की २१७० × २४४० होतात आणि ८.५ ची काच आहे २२०० × २५००. अगदी बेतून शिवल्यासारखं! ९६ टक्के काच कामी येते. १०० इंची मात्र या काचेवर दोन बसत नाहीत, कारण त्याची रुंदी २२१४ मिमी, म्हणजे १४ मिमी जास्त. ८.६ च्या काचेवर दोन बसतात. म्हणून ९८ आणि १०० हे दोन्ही आकडे शेजारी नांदतात. ९७ इंची ओएलईडीचंही तेच, कारण मोठे ओएलईडी ८.५ च्या काचेवर बनतात. ८६ इंच हा १९५० × २२५० मिमी काचेवर दोन बसणारा आकार. ११५ इंची पडदा २५४६ × १४३२ मिमीचा. १०.५ च्या काचेवर तो दोनदा बसतो, शिवाय बाजूला ८२४ मिमीची पट्टी उरते आणि तिच्यात ५५ इंची दोन सहज मावतात.

सर्वात मोठा पडदा कुणाचा, ही चढाओढसुद्धा याच चष्म्यातून पाहण्यासारखी आहे. २००५ मध्ये सॅमसंगने ८२ इंची एलसीडी दाखवला. त्यांच्या सातव्या जनरेशनच्या १८७० × २२०० मिमी काचेवर तो दोनदा बसतो. २००६ मध्ये एलजी फिलिप्सने १०० इंची आणला. त्यांची काच १९५० × २२५०, म्हणजे अख्ख्या काचेचा एकच पडदा. जानेवारी २००७ मध्ये शार्पने १०८ इंची मांडला, रुंदी २३९१ मिमी. शार्पच्या जपानमधल्या कामेयामा इथल्या दुसऱ्या कारखान्याची काच होती २१६० × २४६० मिमी. वरवर पडद्यांची वाटणारी ही स्पर्धा खरं तर कुणाच्या कारखान्यातून किती मोठी काच धड बाहेर पडते याची होती. प्लाझ्मा या वेगळ्या तंत्रात पॅनासॉनिकने २००६ मध्ये १०३ इंची आणि २००८ मध्ये १५० इंची पडदा दाखवला. १५० इंच म्हणजे ५० इंची नऊ पडद्यांइतकी जागा. पण १०३ इंचीचंच वजन दोनशे किलोंच्या वर होतं आणि वीजही बरीच लागायची. पॅनासॉनिकने २०१३ च्या डिसेंबरात प्लाझ्मा पॅनेल बनवणं थांबवलं.

शार्पचा साकाई इथला दहाव्या जनरेशनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, तेव्हा जगात त्याच्याएवढी काच कुणाकडेच नव्हती. माप होतं २८८० × ३१३० मिमी. त्यावर ६० इंची आठ आणि ७० इंची सहा निघत. पुढे जग ६५ आणि ७५ कडे वळलं. साकाईच्या काचेवर ६५ इंची चार रांगा लावायच्या तर ३२३६ मिमी हवेत, म्हणजे आठाऐवजी सहाचाच विचार करायचा.  ७५ इंची एकाच दिशेने मांडले तर तीनच बसतात. हफेईच्या काचेवर सहा. लांबीतल्या २४ सेंटीमीटरनी निम्म्याचा फरक पडला. साकाईत टीव्हीचे पॅनेल बनवणं २०२४ मध्ये बंद झालं. त्याला किमतींच्या युद्धापासून अनेक कारणं होती, पण चुकलेल्या मापाचं ओझं त्या कारखान्याने सुरुवातीपासून वाहिलं असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आणखी मोठी काच का बनवत नाहीत? १०.५ ची काच जवळजवळ दहा चौरस मीटरची आणि जाडी फक्त अर्धा मिमी. वजन सुमारे १२ किलो. आधार दोन कडांनाच दिला तर काच मधोमध लोंबते, आणि हा झोल अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. अंतर दुप्पट झालं की झोल सोळापट. त्यामुळे यंत्राच्या हातांना एकमेकांच्या जवळ असलेली बोटं द्यावी लागतात आणि बऱ्याच ठिकाणी काच हवेच्या गादीवर तरंगत न्यावी लागते.

त्याहून नाजूक प्रकरण तापमानाचं. या काचेत सोडियम चालत नाही, कारण तो ट्रान्झिस्टरमध्ये उतरून त्यांना बिघडवतो. म्हणून खास अल्कलीविरहित काच वापरतात. ती तापल्यावर फारच कमी प्रसरण पावते, एका अंशाला दर दहा लाखांत तीनच्या आसपास भाग. तरीही ३३७० मिमी लांबीवर एका अंशाच्या फरकाने दुसरं टोक सुमारे ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) सरकतं. थरावर थर छापताना जुळणी काही मायक्रॉनच्या आत राहावी लागते. म्हणजे खोलीचं तापमान एका अंशाने हललं तरी एका कोपऱ्यात जुळलेली नक्षी समोरच्या कोपऱ्यात चुकलेली असते. शिवाय काच तापवून थंड केली की ती कायमची किंचित आकसते. प्रत्येक टप्प्याआधी हे आकसणं मोजून छपाई तेवढी आखूड करावी लागते.

धुळीचा हिशेबही मोठ्या पडद्याच्या विरोधात जातो. समजा १०.५ च्या एका काचेवर धुळीमुळे सरासरी एक घातक दोष कुठेही पडतो. ६५ इंची पडदे कापले तर सुमारे ८९ टक्के चांगले निघतील. त्याच काचेवर ११५ इंची कापले तर ६९ टक्केच. दोष तेवढेच, पण प्रत्येक दोष तिप्पट क्षेत्रफळ निकामी करतो. म्हणूनच तुटलेली तार लेसरने सांधणं किंवा सतत पेटलेला ठिपका काळा करणं, ही दुरुस्ती मोठ्या पॅनेलमध्ये कारखान्याच्या नफ्या-तोट्याचा प्रश्न होऊन बसते.

आता दोन काचांमधलं लिक्विड क्रिस्टल, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर प्रकाश अडवायला किंवा सोडायला मदत करणारा द्रव. फट तीन-चार मायक्रॉनची. ११५ इंची पडद्याचं क्षेत्रफळ ३.६ चौरस मीटर असूनही आत जेमतेम १२ मिली द्रव असतो, म्हणजे अडीच चमचे. पूर्वी काचा आधी चिकटवून एका छोट्या भोकातून निर्वातात हा द्रव आत ओढून घेत. मोठ्या पॅनेलला त्यात तासन् तास जात. आता एका काचेवर मोजून थेंब सोडतात आणि निर्वातातच दुसरी काच वर ठेवतात. काम मिनिटांत होतं, पण मोजणी अचूक हवी. थेंब कमी पडले तर बुडबुडा राहतो. जास्त पडले तर पडदा तापल्यावर जादा द्रव खाली उतरतो, खालची फट फुगते आणि तळाशी पिवळसर ढग दिसतो. याला ग्रॅव्हिटी मुरा म्हणतात. उभा पडदा जितका उंच, तितका खालच्या कडेवर दाब जास्त.

पोलरायझर फिल्मबद्दल, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या पातळ पापुद्र्याबद्दल, फारसं कुणी बोलत नाही, पण मोठ्या पडद्यांची वाट तिनेही बराच काळ अडवून धरली होती. ही फिल्म आयोडीनने रंगवून एका दिशेने ताणतात. पडद्याच्या पुढची आणि मागची फिल्म एकमेकींशी काटकोनात असावी लागते. पुढची फिल्म रोलच्या लांबीत कापली तर रोलची रुंदी पडद्याच्या उंचीएवढी पुरते. मागची मात्र आडवी कापावी लागते, म्हणून रोल पडद्याच्या रुंदीएवढा हवा. ९८ इंचीसाठी २१७० मिमी. १४९० मिमी रुंद रोल सोडणाऱ्या जुन्या यंत्रांवर ते होणं शक्यच नव्हतं.

विजेच्या बाजूनेही आकार महाग पडतो. तार दुप्पट लांब झाली की तिचा रोध दुप्पट होतो आणि धारिताही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) दुप्पट. संदेश पोहोचायला चौपट वेळ लागतो. ४के पडद्यात २१६० ओळी असतात. सेकंदाला १२० चित्रं दाखवायची तर प्रत्येक ओळीला ३.९ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, पुरता भरला नाही, तर ओळीचं सुरुवातीचं टोक नीट आणि दूरचं टोक फिकं दिसतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या जागी तांबं आलं आणि मोठ्या पॅनेलला दोन्ही बाजूंनी संदेश देतात.

मायक्रोएलईडी, म्हणजे सूक्ष्म दिव्यांच्या पडद्यांना, मदर ग्लासचं हे बंधन नाही, ते छोटे चौकोन जोडून बनवतात. सॅमसंगने २०१८ मध्ये १४६ इंची दाखवला, टीसीएलने पुढे १६३ इंची. पण ४के साठी जवळपास २.४९ कोटी सूक्ष्म दिवे बसवावे लागतात. ९९.९९ टक्के नीट बसले तरी सुमारे अडीच हजार बिघडलेले राहतात आणि ते हुडकून बदलावे लागतात. चौकोनांमधली फट केसाच्या जाडीइतकी जरी चुकली तरी पांढऱ्या चित्रावर रेघ दिसते.

घरात ठेवताना लक्षात घ्यायचं ते हे: ६५ इंची असो की ११५ इंची, ४के चे पिक्सेल तेवढेच. ११५ इंचीत एक पिक्सेल ०.६६ मिमीचा होतो आणि निरोगी डोळ्याला तो साधारण सव्वादोन मीटरच्या आत वेगळा दिसू लागतो. चित्रपटासारखा अनुभव हवा तर कर्णाच्या १.२ ते १.६ पट अंतर ठीक. ९८ इंचीसाठी ते तीन ते चार मीटर होतं. चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात कटकट आवाज आला तर घाबरू नये. आतली प्रकाश सारखा पसरवणारी प्लॅस्टिकची डिफ्युझर प्लेट काचेच्या वीसएक पट प्रसरण पावते. अडीच मीटर लांबीवर ३० अंशांनी ती पाच मिमीपर्यंत वाढते आणि चौकटीत सरकताना वाजते. आवाजासोबत कडेला उजळ डाग कायम राहिला तर मात्र प्लेट अडकून वाकलेली असू शकते, तेव्हा तंत्रज्ञाला दाखवावं.

वाहतुकीत खोका कायम उभा. आडवा टाकला की गाडीच्या प्रत्येक धक्क्याला काच मधोमध झोल खाते आणि अर्ध्या मिमीच्या काचेला तेवढं पुरतं. उचलताना तळवे चौकटीखाली ठेवायचे, बोटं पडद्याच्या कडेवर कधीच नाही. त्या कडेमागे संदेश नेणाऱ्या फिल्मच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. एक सुटली की उभी रेघ किंवा रुंद पट्टा येतो. आणि मागवण्याआधी लिफ्टची आतली उंची आणि खोली मोजून तिचा कर्ण काढावा. ९८ इंचीचा नुसता पडदाच २.१७ मीटर, खोका त्याहून वीसएक सेंटीमीटर लांब. मावत नसेल तर जिन्याची वळणं मोजायची. पडदा खोक्यातून काढून लिफ्टमध्ये तिरपा घालायचा नाही, कारण मग सगळं वजन एका कोपऱ्यावर येतं आणि चीर तिथूनच सुरू होते.