मुंडगोडची मुले आणि आमचे मशीनशॉप : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांनी दोन जुन्या लेथवर (धातू कातण्याच्या यंत्रांवर) आमचे मशीनशॉप सुरू केले. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, टर्निंग (बाहेरून कातणे) आणि बोअरिंग (आतले भोक मापात कातणे) करून देणे हा आमचा धंदा. त्यात ऑर्डर मिळते, पण हाताला वळण असलेला कारागीर मिळत नाही.

अशा वेळी ओळखीच्या एका तिबेटी स्वेटरविक्रेत्याने आपल्या मुंडगोडच्या पुतण्यासाठी शब्द टाकला. निजलिंगप्पा मुख्यमंत्री असताना तेव्हाच्या म्हैसूर राज्याने (आजच्या कर्नाटकाने) तिबेटी निर्वासितांना जमिनी दिल्या आणि १९६६ साली उत्तर कन्नड जिल्ह्यातली मुंडगोडची वसाहत उभी राहिली. पावसावरचा मका आणि हिवाळ्यातली स्वेटरविक्री यांवर जुन्या पिढीने संसार केले. शिकलेल्या नातवंडांना मात्र त्यात भवितव्य दिसत नाही, आणि त्यांतली बरीच परदेशाची वाट धरतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या या मुलांची ओळख म्हणजे परदेशी नागरिक म्हणून मिळालेले नोंदणी प्रमाणपत्र, त्यांच्या बोलण्यातली 'आरसी'. बँकेच्या किंवा प्रशिक्षण संस्थेच्या खिडकीवर ती पाहून कारकून गोंधळतो आणि मुलगा मुकाट्याने परत फिरतो. म्हणून आमचा माणूस प्रत्येकासोबत जातो आणि केंद्र सरकारच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाची प्रत जवळ ठेवतो, कारण निर्वासितांना व्यवसाय करू द्यावा व त्यासाठीचे परवाने द्यावेत, असे त्यात राज्यांना सांगितलेले आहे. मुक्काम बदलल्याची वर्दीही आम्ही वेळेत द्यायला लावतो. मालकाने एवढे केले नाही, तर मुलाची उमेद कामाला लागण्याआधीच खचते, असे माझे ठाम मत आहे.

शिकवताना आम्ही आधी मोजमाप पक्के करून घेतो : व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटर, मायक्रोमीटरवर ०.०१ मिलिमीटर अचूक वाचता आल्याशिवाय जॉब (कातायचा भाग) लेथवर बांधू देत नाही. फिरत्या लेथजवळ सैल बाही आणि हातमोजे चालत नाहीत, चक्‌ची (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीची) किल्ली चक्‌मध्ये राहता कामा नये, हे रोज बजावतो. पगार पहिल्या दिवसापासून देतो, कारण घरी पैसे पाठवण्याची जबाबदारी बहुतेकांवर असते. फुकट उमेदवारी त्यांना परवडणारच नाही. समजावणे हिंदीतून चालते, जुने कामगार मराठी-कन्नड बोलत राहतात आणि मुले दोन्ही उचलतात. गणेशचतुर्थीप्रमाणे लोसरलाही (तिबेटी नववर्षालाही) आमच्याकडे सुट्टी असते.

पहिल्या मुलांपैकी एक जण आता सीएनसीची (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राची) सेटिंग स्वतंत्रपणे करतो आणि नव्यांना शिकवतो. मुलींकडूनही विचारणा होते आहे. त्यांच्यासाठी राहण्याची सुरक्षित खोली आणि कारखान्यात स्वतंत्र स्वच्छतागृह यांचे काम सध्या सुरू आहे, आणि ते पुरे झाले की त्यांना बोलावणार आहोत.